विषय प्रोसिडिंगला लागला का? नाशिकच्या शिवेवर राहायला आलेल्यांसाठी ग्रामपंचायतीची ओळख

खरेदीखत काढा आणि मिळकतीचं वर्णन वाचा. ‘पैकी नाशिक महानगरपालिका हद्दीतील मौजे…’ असं लिहिलं असेल तर तुमचा कारभार शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनातून आणि सहापैकी एका विभागीय कार्यालयातून चालतो. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी ही नावानं गावं वाटली तरी ती महापालिकेतच आहेत. पण वर्णनात ‘ग्रामपंचायत हद्दीतील’ असे शब्द असतील, घर विल्होळी, गोवर्धन, गिरणारे, शिंदे, पळसे अशा एखाद्या गावात असेल, तर बिल्डरच्या जाहिरातीत कितीही मोठ्या अक्षरात ‘नाशिक’ छापलेलं असो, तुम्ही गावकरी झालात. पुढचं सगळं तुमच्यासाठी.

गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या एका गावात आम्ही रो-हाउस घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोडी कुरकुर आहे आणि ज्यांच्याबद्दल आहे ते आता चांगले ओळखीचे आहेत. शहरातून आलेला माणूस ग्रामपंचायतीला तक्रार खिडकी समजतो. मीही तेच केलं आणि वर्षभर अंधारात चाललो. तो किस्सा येईलच. आधी घराची नोंद.

पहिलं काम: नमुना ८ वर नाव

ग्रामपंचायतीचा सगळा हिशेब ठरलेल्या नमुन्यांमध्ये चालतो. एकूण नमुने ३३. तुम्हाला त्यातले चार-पाच माहीत असले तरी पुरे. पहिला नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही. गावातली प्रत्येक इमारत, तिचं क्षेत्रफळ, मालक, भोगवटादार आणि बसवलेला कर यात असतो. घर घेतल्यावर खरेदीखताची आणि इंडेक्स २ ची प्रत, बिल्डरच्या नावाची शेवटची घरपट्टीची पावती असेल तर तीही जोडून ‘नाव लावणेबाबत’ असा अर्ज द्यायचा. तो सदस्यांच्या मासिक सभेपुढे जातो, ठराव होतो आणि मग नोंद होते. दोन महिने सहज जातात. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर भरला की पावती मिळते, ती नमुना १० ची. पावती न देता ‘नंतर देतो’ म्हणालं कुणी, तर खुर्ची ओढून तिथंच बसायचं.

दोन गोष्टी इथंच सांगून टाकतो. नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. आणि ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत दाखला’ म्हणजे बांधकाम परवानगी नाही. नाशिकच्या आजूबाजूची बरीच गावं महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात आहेत आणि परवानगी तिथून घ्यावी लागते. सरपंचांनी हो म्हटलं म्हणून वर मजला चढवू नका.

आठ या आकड्यानं माझा बराच वेळ खाल्ला. ‘आठचा उतारा आणा’ असं बँकेनं सांगितलं आणि मी तलाठ्याकडे गेलो. तलाठ्याकडे मिळतो तो आठ-अ, शेतजमिनीच्या खात्याचा. घराचा तो नमुना ८, ग्रामपंचायतीतला. आणि मतदार यादीत पत्ता बदलायचा असेल तर त्याचाही फॉर्म ८ च! तीन कार्यालयं, तीन आठ.

मतदार यादीत या, नाहीतर पाहुणेच राहाल

ही पायरी लोक हमखास टाळतात. नाव कॉलेज रोडच्या किंवा इंदिरानगरच्या जुन्या पत्त्यावर असतं, तिकडे मतदान करून आलं की झालं, असा हिशेब. पण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. घर गावात, कर गावात, पण नाव यादीत नसेल तर ग्रामसभेत तुमचं म्हणणं कुणी प्रेमानं ऐकून घेईल इतकंच. फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो; नाहीतर गावातल्या शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीताई बहुतेकदा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, असतात, त्यांना गाठा.

शहरात नगरसेवक निवडून दिला की आपलं काम संपतं. महासभेत बसायचं ते त्यानं, आपण फार तर बातमी वाचायची. गावात तसं नाही. इथं अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो, कायमचा, निवडून न येता. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

माणसं कोण कोण

सदस्य किती, हे लोकसंख्येवर ठरतं. दीड हजारापर्यंत ७ आणि मग दर टप्प्याला दोन वाढत साडेसात हजारांच्या वर १७. निम्म्या जागा महिलांना राखीव. मुदत पाच वर्षं. गावाचे वॉर्ड पाडलेले असतात आणि एका वॉर्डातून साधारण दोन-तीन सदस्य निवडले जातात. सरपंच थेट गावातून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि सदस्यांत बहुमत दुसऱ्याच गटाचं, असं होऊ शकतं. तुमच्या गावात तसं असेल तर कामं का अडतात याचं निम्मं उत्तर तिथंच मिळेल.

सरपंच बाई असतील तर कार्यालयात त्यांच्या खुर्चीच्या शेजारी, कधी खुर्चीवरच, त्यांचे यजमान दिसतील. नवख्यानं त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली की कायमचं तेच होऊन बसतं. अर्ज ‘मा. सरपंच’ यांच्या नावे लिहा, हातात द्यायचा तो सरपंचताईंच्याच. आमच्या सरपंचताई पहिल्या वर्षी बोलत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी एका ठेकेदाराला भर सभेत सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब विचारला.

दुसरा महत्त्वाचा माणूस ग्रामसेवक. २०२४ पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावात आजही ‘भाऊसाहेब’च. ते जिल्हा परिषदेचे नोकर, सभेचे सचिव, सगळे नमुने त्यांच्या ताब्यात. बँकेतून पैसे काढायला सरपंच आणि भाऊसाहेब, दोघांच्या सह्या लागतात, म्हणून एकाशी गोड राहून दुसऱ्याला टाळण्यात अर्थ नाही. एकेका भाऊसाहेबांकडे दोन गावं असतात, तेव्हा वार विचारून ठेवा. नाहीतर चार खेपा फुकट.

आणि पाणी सोडणारा. त्याचं नाव कुठल्याच फलकावर नसतं. कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या बांधाखाली गाडला गेलाय हे फक्त त्याला ठाऊक असतं. त्याचा नंबर आधी घ्या.

कुणाकडे काय नाही, हेही माहीत हवं. सातबारा तलाठ्याकडे (त्यांचंही नाव आता ग्राम महसूल अधिकारी). घरातली वीज महावितरणकडे. गावातली शाळा आणि आरोग्य उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, आणि बाहेरचा मोठा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ग्रामपंचायतीकडे राहतं ते पाणी, गटार, कचरा, गावातले अंतर्गत रस्ते, रस्त्यावरचे दिवे, स्मशानभूमी, आणि जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते. बाळ नाशिकच्या दवाखान्यात झालं असेल तर दाखला महापालिकेत मिळेल, गावात कितीही हेलपाटे घातले तरी नाही. बाकी विवाह नोंद, नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला वगैरे सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. प्रत्येकीची मुदत ठरलेली आहे, कार्यालयाच्या भिंतीवर तक्ता लावलेला असतो. संगणकावर बसलेल्या केंद्रचालकाकडे अर्ज केला की टोकन मिळतं. यात विशेष अडचण येत नाही.

आता दिव्याची गोष्ट

आमची घरं चोवीस. मुख्य रस्त्यापासून आत जाणारा दोनशे-सव्वादोनशे पावलांचा रस्ता, एका बाजूला द्राक्षाची बाग, दिवा एकही नाही. पावसाळ्यात साप निघायचे. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा बसली. मी उठलो आणि दहा मिनिटं बोललो. आवाज चांगला लागला होता, टाळ्याही पडल्या. सरपंच म्हणाले, “बघतो, करून टाकू.” मी घरी येऊन बायकोला सांगितलं, काम झालं.

दिवाळी गेली, संक्रांत आली. दिवा नाही. कार्यालयात जाऊन जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा भाऊसाहेबांनी कपाटातून जाडजूड पुठ्ठ्याची वही काढली. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही. १५ ऑगस्टचं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. आठ विषय होते. माझा नव्हता.

“साहेब, तुम्ही बोलला, पण विषय कुठं दिला होता?”

मी रागावलो होतो, पण माणसाचं बरोबर होतं. ग्रामपंचायतीत जे प्रोसिडिंगला लागलं तेच घडलं. भाषण, टाळ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे यांचा ऑडिटला उपयोग नाही. ठराव नसेल तर खर्च टाकता येत नाही, आणि खर्च टाकता येत नसेल तर सरपंचांच्या मनात असूनही दिवा लागत नाही.

दुसरी मेख त्याच दिवशी कळली. भाऊसाहेबांनी नमुना २३ दाखवला, रस्त्यांची नोंदवही. आमचा रस्ता त्यात नव्हताच. तो ले-आउटमधला, कागदोपत्री अजून बिल्डरचा. ज्या रस्त्याची २३ ला नोंद नाही, त्यावर ग्रामपंचायतीनं पैसा घातला की उद्या आक्षेप निघणार. म्हणून नवीन वसाहतीत राहणाऱ्यांनी हे पहिल्या महिन्यात तपासा: अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा ग्रामपंचायतीकडे वर्ग झाली आहे का? नसेल तर बिल्डरचा फोन लागतो तोवर त्याच्याकडून हस्तांतरणाचं पत्र घ्या. आमच्या बिल्डरला गाठायला सात महिने लागले.

विषय कसा द्यायचा

ग्रामसभा वर्षात किमान चार व्हायलाच हव्यात. विनाकारण घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद धोक्यात येतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा लोकांच्या तोंडी बसल्या आहेत, पण नक्की तारीख नोटिशीवरच बघा. नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचा अर्ज पंधरा दिवस आधी कार्यालयात पडलेला हवा. अर्ज एका पानाचा. विषयाची ओळ अशी: ‘अमुक वसाहतीतील रस्त्यावर पथदिवे बसविणेबाबतचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेणेबाबत.’ खाली चार वाक्यं, किती घरं, किती अंतर, आणि शेवटी सह्या. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेऊन ती जपून ठेवायची. या पोहोचीशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही.

विषय वेळेत देता आला नाही तर यादीत शेवटी एक ओळ असते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. तिथं बोलता येतं, पण तोवर अर्धी सभा उठलेली असते.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. अडीच हजार मतदारांच्या गावात शंभर, पाचशेच्या गावात पंचाहत्तर. हा आकडा छोटा वाटतो ना? आमच्याकडे २ ऑक्टोबरला तो कधीच भरत नाही, कारण तेव्हा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू असते आणि मजुरांची टोळी सोडून कोण येणार सभेला. २६ जानेवारीला माल काढणीला आलेला. १५ ऑगस्टला त्यातल्या त्यात गर्दी. तुमच्या गावात द्राक्षं नसतील तर कांदा असेल. पिकाचं वेळापत्रक बघून आपला विषय कुठल्या सभेला लावायचा ते ठरवा.

गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि पुन्हा बोलावली जाते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. नवा विषयही घेता येत नाही, जुने मात्र सगळे मंजूर होतात. म्हणजे शंभर माणसांत अडलं असतं ते वीस माणसांत निघून जातं. मला विचाराल तर नवख्यानं एकच सभा निवडायची असेल तर तहकूब सभा निवडावी. गावाला कळायच्या आत बरंच काही तिथं ठरतं.

महिलांची सभा नेहमीच्या ग्रामसभेआधी वेगळी होते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे येतात. पाण्याची वेळ, सार्वजनिक शौचालय, दारू असे विषय तिथं जास्त नेटानं मांडले जातात. आमच्या वसाहतीतल्या बायकांनी पाण्याची वेळ पहाटे चारवरून साडेसहावर आणली ती याच सभेतून. आम्हा पुरुषांना ते दोन वर्षं जमलं नव्हतं.

सभेत गेल्यावर आधी हजेरी रजिस्टरवर सही. सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा कान देऊन ऐका. चूक दुरुस्त करायची वेळ तीच. मग जमाखर्च, विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी आणि तुमचा विषय. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लिहितात, सूचक आणि अनुमोदक. इथं एक शहाणपण मला शेजारच्या बागेचे मालक नाना यांनी शिकवलं. “साहेब, सूचक मला होऊ द्या. तुम्ही अनुमोदन द्या. तुम्ही मांडलं तर ते कॉलनीचं काम, मी मांडलं तर ते गावाचं काम.” पुढच्या वर्षीच्या २६ जानेवारीला तसंच केलं. बिल्डरचं पत्र आलेलं होतं, मासिक सभेत रस्ता २३ ला लागला होता. नाना उठले, दोन वाक्यं बोलले, मी हात वर केला. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द भाऊसाहेब लिहीत असताना मी त्यांच्या खांद्यावरून बघत उभा होतो. त्यांनी मान वर करून विचारलं, “झालं ना समाधान?”

पैसा कुठून निघणार, तेही विषयातच सांगा

मंजूर झालं म्हणजे लगेच लागलं असं नाही. ग्रामपंचायतीकडे एक तर घरपट्टी-पाणीपट्टीचा स्वनिधी असतो आणि दुसरा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित ठेवले गेले, ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. ४० टक्के अबंधित. गटार, शोषखड्डा, पाण्याची टाकी मागितली तर बंधितातून निघते. दिवा, रस्ता त्यात बसत नाही, त्याला अबंधित किंवा स्वनिधी लागतो, आणि त्यावर गावातल्या सगळ्यांचा डोळा असतो. प्रवेशद्वाराची कमान मागणारे तर दर गावात असतात.

काम वार्षिक विकास आराखड्यात नसेल तर पैसे असूनही थांबावं लागतं. आराखड्याची बोलणी साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. पुढच्या वर्षाचं काम तेव्हाच नावानिशी घालून घ्या. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि झालेली देयकं दोन्ही दिसतात. रात्री जेवण झाल्यावर एकदा चाळा. गावात कुठल्या कामावर किती खर्च पडला हे कळतं आणि सभेत तोंड उघडताना आकडा हाताशी असतो.

पश्चिमेकडे जमीन बघत असाल तर

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, बागलाण इथली बरीच गावंही. तिथं आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेचं वजन आमच्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त. जमीन, पाणी, गौण वनोपज यात तिचा शब्द चालतो आणि सरपंच अनुसूचित जमातीचाच असतो. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय आणि शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय घेता येत नाही. धुक्यातल्या फार्महाउसचे फोटो पाठवणारा एजंट हे सांगेलच असं नाही.

अडलंच तर

आधी वॉर्डातला सदस्य, मग सरपंच आणि भाऊसाहेब, मग पंचायत समितीत गटविकास अधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. मधली पायरी गाळून वर गेलात तर अर्ज फिरून खालीच येतो, वर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा घेऊन. गटविकास अधिकाऱ्यांकडे जाताना पोहोचीची प्रत आणि ठराव झाला असेल तर ठरावाची नक्कल न्या. नुसत्या तोंडी तक्रारीवर तिथंही काही लिहिता येत नाही.

नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार आहेच: साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. पण तो पहिल्याच महिन्यात काढू नका. गाव लहान असतं. अर्ज सकाळी दिला की दुपारपर्यंत पाणी सोडणाऱ्यालाही कळलेलं असतं, आणि व्हॉल्व्ह कुठं आहे ते फक्त त्यालाच माहीत आहे.

आमच्या रस्त्यावर आता सहा दिवे आहेत. पाचवा सध्या बंद आहे. अर्ज दिलाय, पोहोच कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे.